मुलीच्या पाळीत रक्त किती जाते, हेही विचारा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. विदर्भातील शाळा त्या सुमारास उन्हाळ्याच्या सुटीमुळे बंद असल्याने आमच्याकडे कार्यक्रम बहुधा ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडीत होतो, पॅडचे वाटप होते, एखादे व्याख्यान होते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. हे सर्व स्वागतार्हच आहे, कारण आमच्या पिढीला या विषयावर कोणी चार शब्दही सांगितले नव्हते. परंतु या चर्चेतून एक मुलगी कायम सुटून जाते. पाळी येऊ लागून जेमतेम वर्ष झालेली, बारा-तेरा वर्षांची ही मुलगी. आठवडा उलटला तरी तिचे अंगावरून जाणे थांबत नाही आणि ते थांबून ती जरा सावरते न सावरते तोच पुन्हा सुरू होते. तिला पॅड हवेच आहेत, पण त्याहून अधिक गरज आहे ती कोणीतरी तिला नीट प्रश्न विचारण्याची आणि तिचे रक्त तपासण्याची. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि अशाच एका मुलीची आई आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाळी किती दिवसांची असावी आणि किती रक्त गेले म्हणजे जास्त समजावे, याची स्पष्ट कल्पना आमच्या गावात क्वचितच कोणा स्त्रीला असते, कारण प्रत्येक घरात मोजमाप आईच्या किंवा आजीच्या पाळीचे असते. आजीला दहा दिवस जात असेल, तर नातीचे दहा दिवस कोणाला वावगे वाटत नाहीत. वैद्यकशास्त्र मात्र असे सांगते की किशोरवयात पाळी २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येऊ शकते, ती सात दिवसांपर्यंत चालणे स्वाभाविक आहे आणि त्यापलीकडे ती लांबू लागली तर कारण शोधावे. एका पाळीत ८० मिलिलीटरपेक्षा अधिक रक्त जाणे हा अतिरक्तस्राव समजला जातो. घरात मिलिलीटर मोजता येत नाहीत, हे खरे. पण ज्या खुणा पाहायच्या त्या आईला घरबसल्या दिसतात. दर एक-दोन तासांनी पॅड किंवा घडी पूर्ण भिजणे, एका घडीने भागत नाही म्हणून एकावर एक दोन घ्याव्या लागणे, रात्री बदलण्यासाठी झोपेतून उठावे लागणे, अंथरूण खराब होणे, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे, यांपैकी एखादी गोष्ट पाळीगणिक होत असेल तर ते तपासण्यासारखे आहे. ज्या घरांत अजून जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या जातात, तेथे घडी किती जाड होती यावर सगळे अवलंबून असते आणि संख्या फसवी ठरते. तेथे रात्रीचे उठणे आणि गाठी या दोन खुणांवरच अधिक विसंबावे.

आम्ही घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवू लागलो. पाळी सुरू झाल्याच्या तारखेला एक खूण, थांबल्याच्या तारखेला दुसरी, आणि दररोज किती घड्या पूर्ण भिजल्या याचा लहानसा आकडा, एवढेच मुलीने स्वतः लिहायचे. या साध्या कागदाचा उपयोग मला दवाखान्यात कळला. डॉक्टरांनी विचारले असता मुलगी लाजून मान खाली घालते आणि आई ‘खूप जाते हो’ एवढेच म्हणते, त्यावरून कोणताही डॉक्टर फारसे ठरवू शकत नाही. नोंदीचा कागद पुढे ठेवला की बोलणे मुद्द्यावर येते आणि मुलीलाही सर्वांसमोर तोंडाने सांगावे लागत नाही.

घरातील मोठ्या बायका म्हणतात की पहिली एक-दोन वर्षे असेच चालते, मग आपोआप बसते. या म्हणण्यात तथ्य आहे. पाळी नव्याने सुरू झालेली असताना मेंदूकडून अंडाशयाला मिळणाऱ्या संदेशांची घडी बसलेली नसते, त्यामुळे बऱ्याच महिन्यांत अंडे बाहेरच पडत नाही. अंडे बाहेर पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर मात्र वाढत राहते. आधार नसलेले असे जाड अस्तर मग एकाच वेळी सुटत नाही. पावसाळ्यात मातीच्या भिंतीचे पोपडे जसे आज येथून, उद्या तेथून सुटत राहतात, तसे ते तुकड्यातुकड्याने सुटते आणि रक्तस्राव लांबतो. बहुतेक मुलींमध्ये काळाबरोबर हे सुधारते. परंतु सुधारेपर्यंतच्या काळात जे रक्त जाते ते जातेच, आणि वाढीच्या वयातील मुलीच्या शरीराला ते भरून काढणे अवघड होते. शिवाय प्रत्येक मुलीचे कारण हेच असेल असेही नाही. थायरॉइड मंदावलेले असणे, अंडाशयाच्या पीसीओएससारख्या तक्रारी, रक्तातील प्लेटलेट कमी असणे किंवा रक्त गोठण्यातच जन्मजात दोष असणे, अशीही कारणे असतात, आणि ती आपोआप बसत नाहीत.

शेवटच्या कारणाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याचे नावही आमच्या भागात कोणी ऐकलेले नाही. फिनलंडमधील डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो आजार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांच्याकडे प्रथम आणलेली पाच वर्षांची मुलगी, ह्योर्डिस, पुढे तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात दगावली. त्या पहिल्या वर्णनाला आता शंभर वर्षे होत आली. आज या आजारावर औषधे आहेत, आणि बहुतेक रुग्णांत तो इतका तीव्रही नसतो; पण ओळखला जाण्यासाठी आधी कोणाला तरी त्याची शंका यावी लागते. हिमोफिलिया प्रामुख्याने मुलग्यांमध्ये आढळतो, हा आजार मात्र मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि मुलीमध्ये त्याचे पहिले ठळक लक्षण पुष्कळदा पाळीतच दिसते. म्हणून पहिल्या पाळीपासूनच रक्तस्राव जास्त असेल, तर आईने काही गोष्टी आठवून डॉक्टरांना सांगाव्यात: मुलीचा घोळणा वारंवार फुटतो का, दात पडताना किंवा काढताना रक्त लवकर थांबले होते का, किरकोळ धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग उठतात का, घरातील कोणा स्त्रीला बाळंतपणात फार रक्त गेले होते का, वडिलांकडील कोणाला शस्त्रक्रियेनंतर रक्त चढवावे लागले होते का. वडिलांकडचा इतिहास विचारायचे आपल्याकडे बहुधा राहूनच जाते, आणि दोष तर दोन्हीकडून येऊ शकतो.

या आजाराच्या चाचणीत एक व्यावहारिक अडचण आहे. तिच्यासाठी घेतलेले रक्त बर्फात ठेवून लांब पाठवले तर निकाल चुकू शकतो, म्हणून मुलीलाच चाचणी होते तेथे न्यावे लागते. आणि कधी कधी ती पुन्हाही करावी लागते, कारण रक्त गोठवणारा जो घटक या आजारात कमी असतो, त्याचे प्रमाण ताण किंवा आजारपण असेल तर तात्पुरते वाढलेले दिसते. अमरावतीला हिमोफिलियासाठी सरकारी डे केअर केंद्र आहे, नागपूर आणि सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. पण सोयाबीनच्या सवंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, काळी-पिवळी आणि मग एसटी धरून मुलीला तेथवर नेणे, हे शेतमजूर आईसाठी किती कठीण आहे, हे सांगायला नको. म्हणूनच निदान साध्या तपासण्या, म्हणजे हिमोग्लोबिन, प्लेटलेटसह संपूर्ण रक्तगणना, थायरॉइड आणि शक्य असल्यास फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच व्हायला हव्यात, म्हणजे पुढे कोणाला पाठवायचे हे तेथेच ठरेल. सोनोग्राफी लागली तर ती पोटावरून होते. अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करावी लागत नाही. ही एक गोष्ट आधी कळली, तर कित्येक आया मुलीला घेऊन दवाखान्यात यायला तयार होतील, कारण त्यांना सर्वांत मोठी भीती त्या तपासणीचीच असते. गर्भधारणेची चाचणी करायला सांगितली तर तिचाही राग मानू नये. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या कोणत्याही मुलीसाठी ती नेहमीची पद्धत आहे, तिच्या चारित्र्यावरचा संशय नव्हे.

विदर्भात याला सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, आणखी एक बाजू आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. मुलगी फिकट दिसली की येथे दोनपैकी एक निष्कर्ष घाईने काढला जातो: एक तर ‘सिकलसेल असेल’ म्हणून पाळीबद्दल विचारायचेच नाही, नाहीतर ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि सिकलसेल तपासायचा नाही. दोन्ही चुकीचे आहे. सिकलसेलची नुसती वाहक असलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन त्यामुळे खाली येत नाही, ते आले असेल तर दुसरे कारण शोधावे लागते. उलट जिला प्रत्यक्ष आजार आहे, तिला लोहाची पातळी न पाहता महिनोन्‌महिने गोळ्या देत राहणे योग्य नसते, आणि पाळी आवरण्यासाठी इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या देण्यापूर्वी तर डॉक्टरांना या आजाराची माहिती असलीच पाहिजे. म्हणून पाळीच्या तक्रारीसाठी जाताना सिकलसेलचे कार्ड किंवा अहवाल बरोबर न्यावा, आणि तपासणी झालेली नसेल तर ती त्याच वेळी करून घ्यावी.

आता गोळ्यांविषयी. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती अवश्य घ्यावी, पण ती रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. झालेला रक्तक्षय भरून काढण्यासाठी नाही. एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे ज्या मुलीचे महिन्याला दीडशे मिलिलीटर रक्त जाते, तिचे पंचाहत्तर मिलिग्रॅम लोह जाते, आणि गोळीतील लोहाचा थोडासाच भाग आतड्यातून शोषला जातो. त्यात ती मुलगी सकाळी चहा-पोळी खाऊन शाळेत येत असेल, तर चहामुळे तो भाग आणखी घटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आणि आपण दरवेळी त्याचे कारण आहारातच शोधतो. अंबाडीची भाजी, जवस, तीळ, चवळी, हे सगळे मुलीच्या ताटात असावेच, त्यावर लिंबू पिळावे, हेही बरोबर. पण जितके लोह येते त्याहून अधिक दर महिन्याला जात असेल, तर नुसत्या भाजीने हिमोग्लोबिन वाढणार नाही. उपचाराची मात्रा डॉक्टरच ठरवतात, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, म्हणजे शरीरातील साठा भरतो. शौच काळे होते, कधी मळमळते, म्हणून आमच्याकडे मुली गोळी परस्पर फेकून देतात. काळे होणे स्वाभाविक आहे हे त्यांना आधीच सांगितले तर त्या घाबरत नाहीत. जी मुलगी गुपचूप माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाते, तिला रागावण्याआधी तिचे रक्त तपासावे, कारण हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते.

रक्तस्राव कमी करणारी औषधे आहेत, आणि ती नवीनही नाहीत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे जपानमध्ये उटाको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने शोधून १९६२ मध्ये जगापुढे आणले. तयार झालेली रक्ताची गुठळी लवकर विरघळू न देणे हे त्याचे काम. काही मुलींना संप्रेरकांच्या गोळ्या काही महिने द्याव्या लागतात. येथे घरातील विरोध सर्वांत तीव्र असतो. ‘लग्नाआधी असल्या गोळ्या कशाला’, ‘पुढे मूल होणार नाही’ असे म्हणून गोळ्या अर्ध्यावर बंद केल्या जातात आणि रक्तस्राव पूर्वीपेक्षा जोराने सुरू होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. बंद केल्यावर अंडाशय आपले काम पुन्हा करू लागते. या भीतीचे मूळ मी समजू शकते. आमच्या भागातील कित्येक बायकांना अतिरक्तस्रावावर ‘पिशवी काढून टाका’ हा एकच उपाय सांगितला गेला आहे, त्यामुळे मुलीला या तक्रारीसाठी दवाखान्यात नेणे म्हणजे त्याच वाटेवर पहिले पाऊल टाकणे, असे त्यांना वाटते. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत औषधोपचारच होतो, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. एक सावधगिरी मात्र घरीच घ्यावी: पोट दुखते म्हणून किराणा दुकानातून मिळणारी ॲस्पिरिनयुक्त गोळी देऊ नये, तिने रक्तस्राव वाढतो.

आम्ही ज्या दवाखान्यात प्रथम गेलो, तेथे मुलीच्या नाडीला हातही न लावता ‘या वयात होते असे’ म्हणून एक टॉनिकची बाटली देण्यात आली. नंतर दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासले, तेव्हा ती इतके दिवस शाळेचा जिना चढताना का धापा टाकत होती, हे उलगडले. तिची चिडचिड, अभ्यासात मन न लागणे, संध्याकाळीच झोपून जाणे, यांना आम्ही सर्व जण आळस म्हणत होतो. आता ती उपचार घेते आहे आणि पुन्हा कबड्डी खेळू लागली आहे.

विटाळाबद्दल लिहिताना मला कोणाच्या श्रद्धेवर टीका करायची नाही. केवळ एका धोक्याकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या घरांत पाळीतील मुलीला वेगळ्या खोलीत किंवा ओसरीवर झोपवले जाते, तेथे रात्री तिला भोवळ आली तर कोणाला कळणार? गडचिरोलीतील काही आदिवासी गावांत तर पाळीतील स्त्रिया गावाच्या कडेला कुर्माघरात, म्हणजे पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत, राहतात. तासाला एक पॅड भिजत असेल आणि हे दोन तासांहून अधिक चालले असेल, मुलीला उठता-बसता अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा ती बेशुद्ध पडली असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा मुलीजवळ रात्री कोणीतरी मोठे माणूस असलेच पाहिजे. आणि वडिलांना हे माहीत असले पाहिजे. आमच्याकडे बहुतेक घरांत दुचाकीची किल्ली आणि पैशाची पिशवी वडिलांच्या हाती असते, पण मुलीच्या पाळीचा विषय त्यांच्या कानी घालायचा नसतो. मग दवाखान्याचे कारण ‘ताप’ असे सांगितले जाते आणि तपासणीही तापाचीच होते. ज्या वडिलांना नीट सांगितले गेले, ते मुलीसाठी धावपळ करताना मी पाहिले आहेत.

शासनाकडे माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. आशा कार्यकर्तीमार्फत सहा रुपयांना सहा पॅड, अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतील मुलींना पाच रुपयांना आठ पॅड, अशा योजना आखल्या गेल्या. ज्या मुलीला एका दिवसात सहा लागतात, तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हवे तितके देण्याची तरतूद अशा प्रत्येक योजनेत असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या पथकातील महिला कर्मचाऱ्याने सातवीपासून पुढच्या प्रत्येक मुलीला एकांतात विचारावे की पाळी किती दिवस चालते आणि रात्री उठावे लागते का, आणि उत्तरावरून तिला थेट ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. सिकलसेलच्या शिबिरात मुलीचे बोट टोचलेच जाते, तेव्हा हिमोग्लोबिनही पाहावे. शाळांनी अशा मुलीला तासाच्या मध्येच, कारण न विचारता, बाहेर जाऊ द्यावे, आणि स्वच्छतागृहाच्या टाकीत पाणी आहे की नाही हे मुख्याध्यापकांनी रोज पाहावे. मार्चनंतर आमच्याकडे पहिले पाणी आटते ते तेथले.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालते, परंतु ते कोणत्या वारी, किती वाजता उघडे असते आणि तेथे महिला डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, हे खेड्यातील आईला ठाऊक नसते. आपण कापसाचे आणि तुरीचे बाजारभाव रोज छापता. त्याच पानावर महिन्यातून एकदा आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याची ही वेळ आणि वार छापावेत, म्हणजे एखादी आई एक दिवसाची मजुरी बुडवून मुलीला घेऊन निघाली तर तिला बंद दार पाहून परत यावे लागणार नाही.

मुलीच्या खासगीपणासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका आणि आई,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ